एर्विनचा तिसरा प्रश्न

वेल्का गावात आणि आसपासच्या वीस मैलांत एर्विन ऑर्साकला विचारल्याशिवाय कुणी रात्रीची दुर्बीण विकत घेत नसे. दुकान नॅडीनबाईंचं. पुढच्या बाजूला गुरांचं खाद्य, काटेरी तार, वसंतात कोंबडीची पिल्लं. मागच्या भिंतीला बंदुका आणि काचेच्या कपाटात दुर्बिणी. त्या कपाटामागे उंच स्टुलावर एर्विन बसलेला असायचा. वय एकोणसत्तर. तीस वर्षं काउंटीचे रस्ते सपाट करून तो निवृत्त झाला होता आणि घरी बसवत नाही म्हणून नॅडीनकडे आठवड्यातले चार दिवस येत होता. माल खपवण्यापेक्षा गिऱ्हाइकाला परत पाठवण्यात त्याला जास्त गोडी होती. नॅडीन म्हणायची, "हा माणूस माझ्या पगारावर माझंच दुकान बुडवतोय." पण एर्विनने निवडून दिलेली वस्तू कधी परत येत नाही हे तिलाही माहीत होतं.

त्याची पद्धत ठरलेली होती. तो तीन प्रश्न विचारायचा. ह्यूस्टनहून आलेल्या, नुकतीच इकडे जमीन घेतलेल्या एका दातांच्या डॉक्टरला विचारले तेव्हा अर्धं दुकान कान देऊन ऐकत होतं.

"काय मारायचंय?"

"रानडुकरं, मिस्टर एर्विन. आणि मधूनमधून डोंगरात चालायला जातो, तिथेही चालली पाहिजे. स्वस्तातली द्या, पण चांगली."

"सगळ्यांना तशीच हवी असते. किती लांबून बघणार?"

"या खोक्यावर हजार यार्ड लिहिलंय की!"

"ते दिसण्याचे. ओळखण्याचे नव्हेत." एर्विनने खोकं उलटं करून ठेवलं. "हजार यार्डांवर एक पांढरा ठिपका दिसेल. तो डुक्कर आहे, वासरू आहे का तुमचे सासरे आहेत, ते नाही कळायचं. ओळख पटवायची तर दोनशे यार्डांच्या आत या. आता तिसरा प्रश्न. काय मरता कामा नये?"

डॉक्टर हसला. "सासऱ्यांचं काही नाही, चालेल."

"हसा. पण घरी जाऊन विचार करा."

मग त्याने दोन दुर्बिणी काढून समोर ठेवल्या. एक स्वस्त होती, कॅमेऱ्यासारखी. तिला उजेड लागतो आणि तो डोळ्यांना न दिसणारा दिवा तिच्याच डोक्यावर असतो. पायवाटेने चालायला, तंबूभोवती कोण घुटमळतंय ते बघायला झकास. पण गवत उंच असलं की सगळा उजेड गवतावरच अडतो. दुसरी थर्मल. तिला उजेड नको, ऊब हवी. ऊब असलेलं सगळं तिच्यात पांढरं दिसतं. "आणि एक लक्षात ठेवा," एर्विन म्हणाला, "एकच घेणार असाल तर हातात धरायची घ्या. बंदुकीवर बसवायची एकटी घ्यायची नाही. पैसे वाचवायला लोक तेवढीच घेतात आणि मग बंदुकीनेच रान धुंडाळत बसतात. म्हणजे ज्याच्याकडे बघाल त्याच्यावर नळी रोखलेली. हाताने शोधायचं. बंदुकीने शोधायचं नाही."

डॉक्टर हातातली घेऊन गेला. एर्विनने हे भाषण किती वेळा दिलं असेल त्याला गणतीच नाही. त्या वर्षी तेच भाषण त्याला स्वतःला ऐकवायला कुणी नव्हतं, एवढंच.

एर्विनची बायको अल्बीना विसरत चालली होती. आधी चष्मा, मग नावं, मग खसखस भरलेल्या गोड पावात, कोलाच्यात, साखर घालायची का मीठ. त्याचं एर्विनला काही वाटलं नाही. मिठाचे कोलाचेही त्याने दोन दिवस निमूटपणे खाल्ले. वाईट होती ती संध्याकाळ. सूर्य कलला की अल्बीनाला वाटायचं, धारा काढायच्या राहिल्यात. ती नऊ वर्षांची व्हायची, आईची हाक ऐकू आल्यासारखं करायची, आणि मागच्या दाराने अनवाणी निघायची ती थेट ओढ्यापलीकडे. तिथे तिच्या माहेरचा गोठा होता. तो पाडूनही पन्नास वर्षं झाली होती.

एकदा ती शेजारच्या डेलबर्ट क्रेनेकला त्याच्या गवताच्या कुरणात सापडली. डेलबर्टने तिला ट्रकमध्ये बसवून आणलं आणि दारात उभा राहून म्हणाला, "एर्विन, माझ्या शिकारी कुत्र्याला जो पत्ता सांगणारा पट्टा आहे ना, तो देऊ का? कुठेही जाऊ दे, सापडते."

"तुझ्या बायकोला बांध," एर्विन म्हणाला.

पण दुसऱ्या दिवशी तो गुपचूप जाऊन पट्टा घेऊन आला. काय करणार? आधी मनगटावर बांधलेलं तसलंच यंत्र तिने गुरांच्या टाक्यात फेकलं होतं. दाराला कुलूप लावलं तर ती आतून इतकं दार बडवायची की हात काळेनिळे पडायचे आणि "मला कुणी कोंडलंय" म्हणून लहान मुलीसारखी रडायची. ते रडणं ऐकून एर्विनने कुलूप काढून टाकलं, ते कायमचं. पट्ट्यातलं यंत्र त्याने तिच्या एप्रनच्या खिशात शिवलं. अल्बीनाने एप्रन धुतला आणि वाळत घातला. त्या संध्याकाळी यंत्र इमानेइतबारे सांगत होतं की ती अंगणात आहे, आणि ती ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी होती. शेरीफची माणसं आली, दिवे आले, चर्चमधली अर्धी मंडळी आली. सापडली तेव्हा तिचे ओठ निळे झाले होते.

मुलगी शेरिल ह्यूस्टनहून तडक आली. ती वाईट नाही. पण दमलेली होती, आणि दमलेला माणूस स्पष्ट बोलतो.

"डॅडी, हे शेवटचं. पुन्हा एकदा जरी आईला शोधायला लोकांना बोलवावं लागलं, तर मी तिला म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवणार. तू भांडायचं नाहीस."

"नाही भांडणार."

"शब्द दे."

त्याने दिला. पण त्याच्याही आधी त्याने एक शब्द अल्बीनाला दिलेला होता. तिला सगळं कळत होतं त्या काळात एकदा, नूडलचं पीठ लाटता लाटता, ती म्हणाली होती, "एर्विन, मला तिथे टाकू नकोस हं. माझी आई तिथे वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला इथेच मरू दे, ओढ्यात पडून मेले तरी चालेल." मग पिठाचे हात तसेच वर धरून, मनगटाच्या मागच्या बाजूने कपाळावरची बट सारली होती. ही तिची जुनी सवय. पोरवयात धारा काढताना लागलेली, कारण तेव्हा बोटं दुधाने भरलेली असत. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली तरी ती मनगटानेच केस सारायची.

दोन शब्द एकाच वेळी पाळायचे तर एकच वाट उरली होती. ती हरवली तर कुणालाही न कळता, आपली आपण, पहिल्या दहा मिनिटांत शोधायची. आणि त्यासाठी अंधारात दिसायला हवं. रात्रीची दुर्बीण निवडून देण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता, तो आता स्वतःसाठी निवडायला बसला.

तो पंधरा दिवस कपाटासमोर घुटमळला. दिव्याची स्वस्त दुर्बीण बाद. ओढ्याकाठी गवत छातीइतकं. खिशाला परवडणारी हातातली थर्मल दीडशे यार्डांपलीकडे आंधळी, आणि रान नव्वद एकरांचं. लांबचं दाखवणारी हातातली घ्यायची तर ट्रक विकावा लागला असता. तेवढ्यात एक गिऱ्हाईक बंदुकीवरची थर्मल परत करून गेलं. चांगली होती, लांबचं स्पष्ट दाखवणारी. खोकं फाटलेलं म्हणून नॅडीन ती अर्ध्या किमतीत द्यायला तयार होती.

"तूच ना लोकांना सांगतोस, बंदुकीवरची एकटी घेऊ नका म्हणून?" नॅडीनने विचारलं.

"बंदुकीवर बसवतंय कोण? हातात धरून बघेन."

"आणि एवढं काय बघायचंय तुला?"

"डुकरं," एर्विन म्हणाला. नॅडीनने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि बिल फाडलं.

तीन आठवडे सगळं नीट चाललं. खरंच नीट. संध्याकाळी तो डोळ्यांत तेल घालून मागच्या ओसरीवर बसायचा. अल्बीना निघायची. तो लगेच अडवायचा नाही. तिला थोडी जाऊ द्यायचा, म्हणजे ती चिडायची नाही. दुर्बिणीतून थंडगार काळ्या रानात तिची पांढरी आकृती चालताना दिसायची, आणि मग तो हळूच मागून जाऊन म्हणायचा, "धारा झाल्या, बरं का. आईने घरी बोलावलंय." ती मुकाट्याने यायची. शेरिलला तो फोनवर सांगायचा, "आई छान आहे." आणि त्याला ते खोटं वाटत नव्हतं.

मग डेलबर्ट आला.

"एर्विन, गावभर बोभाटा आहे की तू डुकरांसाठी महागाची दुर्बीण घेतलीस. इकडे डुकरांनी माझं कुरण नांगरून ठेवलंय आणि तू ओसरीवर बसून चांदण्या मोजतोस होय?"

काय सांगणार? अल्बीना अजून रोज निघते हे खरं सांगावं तर आठवडाभरात शेरिलपर्यंत जाणार. शिवाय पहिल्या वेळी अल्बीनाला डेलबर्टनेच आणून सोडलं होतं, त्याला नाही कसं म्हणणार? एर्विनने दुर्बीण बंदुकीवर बसवली. बाराएक काडतुसं खर्चून नेम जुळवला. एकदा नेम जुळवला की दुर्बीण काढायची नसते. काढून पुन्हा बसवली की सगळं पहिल्यापासून. पहिल्याच आठवड्यात त्याने सहा डुकरं पाडली. डेलबर्टने खांद्यावर थाप मारली, चर्चच्या सॉसेज जेवणात चार लोकांसमोर किस्सा सांगितला. "या वयात! दोनशे यार्डांवरून!" आणि एर्विन, जो दोन वर्षं बायकोचे बूट शोधणारा, औषधाच्या गोळ्या मोजणारा, मिठाचे कोलाचे खाणारा म्हातारा होऊन राहिला होता, त्याला पुन्हा माणूस झाल्यासारखं वाटलं. त्याला दोष देणं सोपं आहे. मला देववत नाही. त्याने दुर्बीण बंदुकीवरच राहू दिली. अल्बीनाला बघायचं झालं तर गोळी काढायची आणि बंदुकीनेच बघायचं. डुकरं संपेपर्यंत, आठवडाभराचा तर प्रश्न.

नोव्हेंबरातला मंगळवार. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते आणि बाहेर काळोख मिट्ट. चुलीवर नूडलचं सूप उकळत होतं. फोन आला, शेरिलचा.

"आई काय करतेय?"

"पडलीय जरा," एर्विन म्हणाला. तो स्वयंपाकघरात होता आणि अल्बीना मघाशी पलंगावर होती, म्हणून म्हणाला. शेरिल नातवाच्या शाळेतलं काहीतरी सांगत राहिली. ती बरेच दिवसांनी हसत होती. फोन ठेवायचं त्याच्या जिवावर आलं. ठेवून वळला तर मागचं दार उघडं आणि पलंग रिकामा. चादर गार पडली होती.

त्याने बंदूक उचलली आणि धावला. डेलबर्टला फोन केला असता तर चार दिवे घेऊन चार माणसं दहा मिनिटांत आली असती. पण लोकांना बोलावलं की संपलं. शब्द दिलेला होता. हाक मारण्यात अर्थ नव्हता, कारण अंधारात परकं कुणी ओरडतंय असं वाटून ती लपून बसायची. गोळी काढायची त्याला आठवण होती. पण कुंपणाशी पोचल्यावर पहिल्यांदा दिसली ती डुकरं. दहा-अकरा, पिल्लं घेऊन, ओढ्याच्या अलीकडे माती उकरत होती. पिल्लांची आई अंगावर आली तर धडधाकट माणसाची मांडी फाडते. त्याने गोळी आतच ठेवली.

बंदूक कुंपणाच्या खांबावर टेकवून त्याने रान धुंडाळायला सुरुवात केली. डावीकडून उजवीकडे. एक हरीण. डेलबर्टच्या दोन गाई. कळप. आणि कळपापासून वेगळं, पेकनच्या झाडांखाली एक मोठं धूड, जमिनीलगत बसकं, पुढच्या बाजूने सारखं हलणारं. नर असणार. एकटा, मोठा, माती उकरणारा.

अल्बीना कुठेच दिसत नव्हती. म्हणजे ती नेहमीच्या वाटेने ओढ्यात उतरली असणार, आणि हा सगळा कळप तिच्या आणि त्याच्या मध्ये. त्याने झटकन हिशेब केला. मुरलेला शिकारी हिशेब करतो तसा. झाडाखालचा नर पाडला की बाकीची डुकरं उलट्या दिशेने, डेलबर्टच्या कुरणाकडे उधळतील. ओढ्याकडची वाट मोकळी होईल. अल्बीना वाचेल. अंतर दीडशे यार्डांच्याही आत. वारा नाही. त्याने सेफ्टीचा खटका सरकवला, नेम त्या धुडाच्या मधोमध आणला, अर्धा श्वास सोडला आणि चापावर बोट दाबायला घेतलं.

धुडाने एक हात वर केला आणि मनगटाच्या मागच्या बाजूने कपाळावरचे केस सारले.

एर्विनला नंतर कधी सांगता आलं नाही की त्याच्या बोटाने काय केलं. बोट चापावरून निघत नव्हतं. त्याला दुसऱ्या हाताने ते उचलून बाजूला करावं लागलं. मग तो कुंपणाशीच बसला. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं तेव्हा सगळं स्वच्छ दिसलं. अल्बीना झाडाखाली उकिडवी बसली होती. दोन्ही हात पुढे. नसलेल्या गाईच्या नसलेल्या आचळांना ती आळीपाळीने ओढत होती.

त्याने गोळी काढली, आभाळाकडे एकदा ओरडला, डुकरं उधळली. मग बंदूक पाठीला लावून तो तिच्याकडे चालत गेला. चंद्र नव्हता. दहा पावलांवर पोचल्यावर ती त्याला दिसली आणि दचकून उठली.

"कोण आहे? पुढे येऊ नकोस!"

"अल्बीना, मी आहे. धारा झाल्या. आईने—"

"माझी आई मेलीय," अल्बीना म्हणाली. तेवढ्यापुरतं तिला ते बरोबर आठवलं होतं. तिने त्याच्या खांद्यावरची बंदुकीची नळी पाहिली. "मला मारायला आलायस का? एक सांगून ठेवते. माझा नवरा जवळच आहे. त्याच्याकडेपण बंदूक आहे. आणि त्याचा नेम चुकत नाही."

एर्विन उभा राहिला.

"ऐकलंस का? एर्विन ऑर्साक म्हणतात त्याला. कुणालाही विचार."

"ओळखतो मी त्याला," तो म्हणाला. "चल. त्याच्याकडेच सोडतो तुला."

ती म्हणाली, "बंदूक खाली ठेव आधी." त्याने ती गवतात ठेवली आणि मग ती त्याच्या मागून चालू लागली, चार पावलं अंतर राखून.

सूप करपून घरभर वास भरला होता. तिचे पाय धुऊन, तिला निजवून एर्विनने शेरिलला फोन लावला.

"डॅडी? काय झालं? पुन्हा गेली का?"

"सापडली."

"लोकं बोलावली होतीस?"

"नाही. कुणी नाही. मी एकटाच."

"मग? मग बरं आहे ना? मी काही म्हणणार नाही, तू एकट्याने शोधलंस तर."

तिने असं म्हणावं म्हणूनच त्याने एवढा खटाटोप केला होता. "शुक्रवारी मी तिला होममध्ये घेऊन येतो," तो म्हणाला. "तू तिथे ये. आणि का, ते मला विचारू नकोस." शेरिलने विचारलं नाही. ती रडली, आणि तो रिसीव्हर कानाला लावून बसून राहिला.

बुधवारी त्याने बंदूक गवतातून आणली, दुर्बीण काढून नॅडीनच्या काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "कपाटात ठेव. पैसे नकोत. मी उद्यापासून येणार नाही." नॅडीनने विचारलं, गिऱ्हाइकांना मी काय सांगू? तो म्हणाला, "तिसरा प्रश्न आधी स्वतःलाच विचारायला सांग." आणि निघून गेला.

शुक्रवारी सकाळी अल्बीनाने निळा झगा घातला. वाटेत त्याने गाडीत पोल्का नाचाचं गाणं लावलं तेव्हा तिने बोटांनी गुडघ्यावर ताल धरला. चाळीस मैलांवर, पेकनच्या झाडांमागे ती विटांची बसकी इमारत. आत फरशी पुसल्याचा वास, भिंतीकडे तोंड केलेल्या दोन खुर्च्या. शेरिल अजून पोचायची होती. एक गोड चेहऱ्याची नर्स कागद घेऊन आली आणि अल्बीनासमोर वाकून मोठ्याने म्हणाली, "या, मिस अल्बीना! किती छान दिसताय! आणि हे कोण आलेत तुमच्याबरोबर?"

अल्बीनाने एर्विनकडे नीट निरखून पाहिलं. मनगटाने बट मागे सारली.

"नाव नाही माहीत," ती म्हणाली. "पण भला माणूस आहे. मला माझ्या नवऱ्याकडे सोडायला आलाय."